खुकरी दिसली म्हणजे नेपाळचं बटण नव्हे

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं की ताडपत्र्या अंथरून माणसं बसलेली असतात, नळाच्या तोट्या, सायकलच्या चेन, बंद पडलेली घड्याळं, चष्म्याच्या काड्या, असलं काय काय मांडलेलं असतं आणि या सगळ्यात कुठेतरी एखादा बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो, तो हलवला की खुळखुळतो. मी त्या आवाजासाठीच जातो. आत बटणं असतात, शर्टाची, कोटाची, रेल्वेची, पोलिसांची, आणि क्वचित फौजेची.

असंच एकदा एक काळं बटण हाताला लागलं. साधारण एका रुपयाच्या नाण्याहून लहान, वर दोन खुकऱ्या (गोरख्यांचे बाकदार सुरे) एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या आणि खाली आकडा ८. काठावर काळा रंग घासून गेलेला, आतलं पितळ दिसत होतं. विकणारे काका म्हणाले, "दादा घ्या, नेपाळच्या राजाच्या सैन्याचं आहे." २० रुपये दिले आणि घरी आलो. वहीत लिहिलं पण तसंच, नेपाळ, राजाची फौज. पुढची दोन वर्षं ती नोंद तशीच होती आणि ती चूक होती. त्यानंतर मी बरीच बटणं बघितली, लोकांचे फोटो बघितले, आणि माझ्या लक्षात आलं की ही चूक जवळपास प्रत्येकजण करतो. खुकरी दिसली की नेपाळ. तसं नाहीये ते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुळात नेपाळी माणूस एकाच सैन्यात नोकरी करत नव्हता. १८१४ ते १६ मध्ये इंग्रज आणि नेपाळ यांचं युद्ध झालं, सुगौलीचा तह झाला, आणि ते युद्ध चालू असतानाच, १८१५ साली, कंपनी सरकारने गोरख्यांच्या पलटणी उभ्या केल्या, नासिरी, सिरमूर, कुमाऊं अशी त्यांची नावं. म्हणजे समोरच्या फौजेचे शिपाई एवढे आवडले की लगेच आपल्याकडे घेतले. पुढे त्या वाढत वाढत दहा रेजिमेंट झाल्या. १९४७ ला फाळणीच्या वेळी भारत, ब्रिटन आणि नेपाळ अशा तिघांचा करार होऊन त्या दहा रेजिमेंट वाटल्या गेल्या, २, ६, ७ आणि १० नंबरच्या चार ब्रिटनकडे गेल्या, १, ३, ४, ५, ८, ९ या सहा भारतात राहिल्या, आणि ज्यांना तिकडे जायचं नव्हतं त्यांच्यासाठी भारताने ११ नंबर पुन्हा उभी केली. आणि या सगळ्यापासून पूर्ण वेगळी, नेपाळची स्वतःची फौज, जी कुणाच्याच ताब्यात नव्हती. श्रीनाथ, पुरानो गोरख अशी तिच्या पलटणींची नावं आहेत, नेपाळ एकत्र करणाऱ्या राजा पृथ्वीनारायण शाहांच्या काळापासूनची.

म्हणजे खुकऱ्यांचं बटण तीन देशांचं असू शकतं. आता आकडा बघा. ८ म्हणजे आठवी गोरखा, १९४७ नंतर ती भारताचीच. माणेकशॉंना 'सॅम बहादुर' हे नाव याच रेजिमेंटकडून मिळालं. २० रुपयांचं ते बटण आपल्याच सैन्याचं होतं आणि मी त्याला दोन वर्षं परदेशी समजत होतो, हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, त्याच दिवशी वहीतली नोंद खोडून नवीन लिहिली.

काळा रंगसुद्धा सांगत होता खरं तर, पण मला तेव्हा वाचता येत नव्हतं. रायफल रेजिमेंटची बटणं काळी असतात, कारण जुन्या काळात रायफलवाले शिपाई मुख्य रांगेच्या पुढे, झाडाझुडपातून, पसरून लढायचे, त्यांना लाल कोट आणि चकाकणारी पितळी बटणं परवडणारी नव्हती, उन्हात लांबून चमकलं की संपलं. म्हणून गडद हिरवा कोट आणि काळी बटणं. कधी शिंगाची, कधी काळा मुलामा दिलेल्या धातूची, नंतर प्लॅस्टिकची. गोरखा, गढवाल रायफल्स, राजपुताना रायफल्स, सगळ्यांची परंपरा काळ्या बटणाची. मग डब्यात काळं बटण दिसलं आणि त्यावर बिगुल किंवा खुकरी असेल तर ते बाजूला काढायचंच. उलट पण होतं, कुणीतरी काळा रंग काळवंडलेला मळ समजून ब्रासो लावून चकाचक करतं, आणि मग रायफलचं बटण इन्फन्ट्रीचं, म्हणजे साध्या पायदळाचं, दिसायला लागतं. अशी दोन बटणं माझ्याकडे आहेत, खाचांमध्ये भिंगातून काळ्या रंगाचे कण अजून दिसतात, म्हणून कळलं.

सगळ्या गोरखा रेजिमेंटच्या चिन्हात दोन खुकऱ्या असतातच असंही नाही. दुसरीच्या चिन्हात प्रिन्स ऑफ वेल्सची तीन पिसं, दहावीच्या चिन्हात बिगुल, त्यावर आडवी एकच खुकरी आणि रोमन दहा. आणि जिथे नाव लिहिलेलं असेल तिथे स्पेलिंग बघायचं, हे फार उपयोगी पडतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गोरखाचं इंग्रजी स्पेलिंग डबल ओ घालून करायचे, नंतर यू आला, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याने एक ओ घेतला. ब्रिटनने यू तसाच ठेवला. म्हणजे एका अक्षरावरून काळ पण कळतो आणि देश पण.

आता मुकुट. ही गोष्ट एकदा डोळ्यात बसली की परत विसरत नाही. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या असतात, १९०१ ला ती गेली आणि पुढे राजे आले तेव्हा मुकुट गोल, घुमटासारखा झाला, तो १९५२ पर्यंत. एलिझाबेथ आली आणि परत मध्ये दबलेला मुकुट आला. भारतात २६ जानेवारी १९५० ला मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. त्यामुळे खुकऱ्यांवर एलिझाबेथचा मुकुट असेल तर ते बटण नक्की ब्रिटनच्या गोरख्यांचं, आपलं असूच शकत नाही, कारण तोवर आपल्याकडे सिंह येऊन दोन वर्षं होऊन गेली होती. आणि नवशिके (मी पण) व्हिक्टोरियाचा आणि एलिझाबेथचा मुकुट एकमेकांत गोंधळतात, दोन्ही दबलेले, मग १८९० चं बटण म्हणून १९६० चं बटण विकत घेतलं जातं. तिथे पाठ बघायची, त्याबद्दल पुढे सांगतो.

मुकुटाऐवजी अक्षरं असतील तर अजून सोपं. व्ही.आर.आय. म्हणजे सम्राज्ञी व्हिक्टोरिया, शेवटचा आय हा सम्राज्ञीचा, आणि ती पदवी तिने १८७६ च्या कायद्याने घेतली, म्हणजे ते बटण त्याच्या आधीचं नाही. जी.आर.आय. म्हणजे जॉर्ज. आणि जर पुढच्या दोन पायांत मुकुट धरून उभा राहिलेला सिंह असेल तर तुम्ही फार नशीबवान, ते ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, आणि कंपनीचं राज्य १८५८ ला संपलं.

मग नेपाळचं बटण ओळखायचं कसं? मला त्याचं उत्तर काठमांडूला मिळालं. फिरायला गेलो होतो, वसंतपूरच्या चौकात जमिनीवर कापड टाकून मूर्ती, माळा, कुलुपं, वाडगे विकणारे बसतात, तिथे एका दिदींकडे मण्यांच्या ताटलीत एक पितळी बटण होतं. दोन खुकऱ्या होत्याच, पण वर जो मुकुट होता त्याला इंग्रजी मुकुटासारख्या कमानी नव्हत्या, क्रॉस नव्हता. खाली झुंबरासारखे लोंबणारे थेंब, आणि वरून उठून मागे वळलेला पिसांचा तुरा. हा श्रीपेच, नेपाळच्या राजांचा मुकुट, खऱ्या मुकुटाला पाचूचे थेंब आणि स्वर्गपक्ष्याची पिसं असतात. नखाएवढ्या जागेत तो तुरा कोरणाऱ्याने इतका सुंदर वळवला होता की मी तिथेच उकिडवा बसून पाच मिनिटं बघत राहिलो. दिदींनी ३२० नेपाळी सांगितले, म्हणजे आपले २००, मी घासाघीस केली नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, श्रीपेच असलेलं नेपाळचं एखादं जुनं नाणं जवळ ठेवा. तो श्रीपेच डोळ्याखालून गेलेला असला की बटणावरचा लगेच ओळखता येतो. कमानी आणि क्रॉस, तर इंग्रज. तुरा आणि थेंब, तर नेपाळ. अशोकस्तंभाचे सिंह, तर आपण. २००६ मध्ये नेपाळच्या सैन्याच्या नावातून 'शाही' हा शब्द गेला, २००८ ला राजेशाहीच संपली, म्हणजे श्रीपेच असलेलं बटण त्याच्या आधीचं.

आणि एक गोष्ट आपल्याला फुकट मिळालेली आहे, तिचा फायदा इंग्रज संग्राहकांना नाही. नेपाळच्या सैन्याच्या जुन्या वस्तूंवर, खुकऱ्यांवर, बंदुकांवर, पदकांवर देवनागरी असते. आपण ती सरळ वाचू शकतो! परदेशी लोक फोटो टाकून विचारत बसतात की ही नक्षी काय आहे आणि ते पलटणीचं नाव असतं किंवा आकडा असतो. 'श्री ५' दिसलं तर राजा, 'श्री ३' दिसलं तर राणा महाराज, कारण राणा घराण्यातल्या पंतप्रधानांनी १८४६ पासून १९५१ पर्यंत सगळी सत्ता स्वतःकडे ठेवली होती आणि राजाला पाच श्री, त्यांना तीन श्री असा मान होता. साल असेल तर ते विक्रम संवत असतं, त्यातून ५७ वजा करा, १९७० असेल तर इसवी सन १९१३ च्या आसपास. नाहीतर १९७० वाचून लोक वस्तू पन्नास वर्षांपूर्वीची समजतात आणि मातीमोल विकतात.

२००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखाना या शस्त्रागारात पडून असलेला जुना शस्त्रसाठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला, हजारोंनी बंदुका आणि खुकऱ्या, त्यानंतर नेपाळच्या लष्करी वस्तूंकडे जगभरातल्या लोकांचं लक्ष गेलं. काठमांडूला जाणार असाल तर छाउनीला राष्ट्रीय संग्रहालय आणि समोर लष्करी संग्रहालय आहे ते चुकवू नका, आणि पोखऱ्याला गोरखा संग्रहालय आहे. बटणांसाठी म्हणून वेगळं काही मांडलेलं नसतं, पण पुतळ्यांना घातलेले कोट बघायचे, छातीपासून मनगटापर्यंत, बटण कुठल्या जागी कुठल्या आकाराचं लावलंय ते कळतं.

आकाराचं सांगतो. बटणवाले 'लाईन' मध्ये मोजतात, ४० लाईन म्हणजे एक इंच. समोरचं मोठं बटण ४० च्या जवळपास, खिशाचं आणि खांद्याचं त्याहून लहान, टोपीचं सगळ्यात लहान. एकाच छापाची दोन-तीन मापं मिळाली तर ती एकाच कोटाची असण्याची शक्यता असते, ती वेगळी करू नका, एकत्र ठेवा.

आता जरा घरच्या फौजेकडे येतो, कारण आपल्या भागातल्या बाजारात गोरख्यांपेक्षा मराठा पलटणींची आणि मुंबई इलाख्याची बटणं निघण्याची शक्यता जास्त, आणि त्यांच्यावरचा आकडा वाचायला शिकलं की काय मजा येते ते सांगता येत नाही. १९०३ मध्ये किचनेर सेनापती असताना त्याने बंगाल, मद्रास, मुंबई अशा वेगवेगळ्या फौजांचे आकडे एकाच माळेत ओवले. मुंबईच्या पायदळाच्या आकड्यात १०० मिळवले. म्हणजे ३ बॉम्बे होती ती १०३ झाली, ५ ची १०५, १० ची ११०, १७ ची ११७. मद्रासवाल्यांच्या आकड्यात ६० मिळवले. मग १९२२ ला परत मोडतोड झाली आणि १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या सगळ्या मराठा पलटणी मिळून एक ५ वी मराठा लाईट इन्फन्ट्री झाली. आणि दुसरं महायुद्ध संपता संपता तो ५ पण काढून टाकला.

याचा अर्थ बघा. बटणावर ११० असेल तर ते १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतलं. दुसरं काही असूच शकत नाही. आणि त्या एकोणीस वर्षांत काय झालं? कूत. पहिल्या महायुद्धातलं, मेसोपोटेमियातलं (आजच्या इराकमधलं) कूत अल अमारा, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, वेढा पडला, अन्न संपलं, घोडे कापून खाल्ले, आणि शेवटी शरणागती. १०३, ११० आणि ११७ मराठा तिथे होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं होती ती. माझ्याकडे एक ११० आहे, चेपलेलं, मागची कडी तुटलेली, ते कूतला होतं की बेळगावच्या कोठारात पडून होतं ते बटणाला विचारता येत नाही, पण ते हातात घेतलं की मी जरा वेळ बोलत नाही कुणाशी.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे नुसता ५ आणि बिगुल. ते १९०३ च्या आधीच्या ५ बॉम्बे लाईट इन्फन्ट्रीचं असू शकतं, म्हणजे आपली 'काली पांचवी', आणि ते १९२२ नंतरच्या ५ मराठाचं पण असू शकतं. दोन्हीकडे ५, दोन्हीकडे बिगुल, कारण लाईट इन्फन्ट्रीत ढोलाऐवजी बिगुलावर हुकूम द्यायचे. इथे मुकुट मदतीला येतो, दबलेला असेल तर पहिलं, घुमटी असेल तर दुसरं. नाव लिहिलेलं असेल तर बॉम्बे की मराठा ते बघायचं, आणि मराठाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग मध्ये एच घालून केलेलं असतं, 'महरट्टा' वाचावं लागतं, ती स्पेलिंगची चूक नाही.

डब्यातली बहुतेक बटणं मात्र फौजेची नसतातच, हे आधीच सांगायला हवं होतं. जी.आय.पी. आणि बी.बी.सी.आय. या जुन्या रेल्वे कंपन्या, बॉम्बे पोर्ट ट्रस्ट, पोलीस, जंगल खातं, अग्निशमन. या सगळ्यांचे गणवेश होते आणि सगळ्यांची बटणं पितळीच. त्यात परत रेल्वेच्या स्वतःच्या व्हॉलंटियर रायफल्स पण होत्या, त्या लष्करी धरायच्या, म्हणजे जी.आय.पी. दिसलं की टाकून देऊ नका, त्यासोबत व्हॉलंटियर किंवा रायफल्स असं काही आहे का बघा. संस्थानिकांच्या फौजा वेगळ्याच, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चिन्हात सूर्य आणि नाग, कोल्हापूरची राजाराम रायफल्स. तो एक स्वतंत्र विषय आहे, त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

आता पाठ. माझं ठाम मत आहे की बटण विकत घेताना आधी उलटं करावं. पुढच्या बाजूने माणूस भुलतो. मागे गोल फिरत बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव असतं, फर्मिन, जेनन्स, स्मिथ अँड राईट, गाँट, हे सगळे लंडन-बर्मिंगहॅमचे. काहींवर नावाशिवाय नुसती भलामण असते, 'ट्रेबल गिल्ट', 'एक्स्ट्रा रिच', म्हणजे सोन्याचा मुलामा किती चांगला ते सांगायची पद्धत, ती बटणं सहसा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली. रँकेन या कलकत्ता-सिमल्याच्या शिंपी कंपनीचं नाव पण सापडतं, साहेब लोक तिथून कोट शिवायचे. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे ना, ते दुकान फौजेतल्या अधिकाऱ्यांसाठीच होतं, मुंबईची शाखा १८९१ ला सुरू झाली. मी तिथून जाताना दरवेळी वर बघतो.

पाठ कशी बनवली आहे ते पण बघायचं. फार जुनी बटणं एका तुकड्याची, सपाट, जड. नंतर दोन तुकड्यांची पोकळ आली, पुढची फुगीर वाटी मागच्या चकतीवर दुमडलेली, काठाला नख लावलं की ती दुमड जाणवते. नकली बटण बहुतेक वेळा ओतलेलं असतं, ठोकलेलं नसतं. ओतलेल्यावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांचे कोपरे वापरून झिजलेल्या साबणासारखे गोलसर, आणि काठाला कधी साच्याची रेघ. ठशाने मारलेल्या खऱ्या बटणावर खुकरीच्या मुठीवरच्या रेघासुद्धा मोजता येतात. पण झिजलेलं म्हणजे नकली असं पण नाही, हा फरक डोळ्याला शिकवावा लागतो. शिपाई रोज पॉलिश करायचे, त्यामुळे खऱ्या बटणाचा फक्त उंच भाग झिजतो, खोलगट भाग तीक्ष्ण राहतो. नकलीत सगळंच सारखं पुसट असतं.

हे मला सातारकडच्या एका निवृत्त सुभेदार काकांनी दाखवलं. मी माझा डबा घेऊन गेलो होतो, काकांनी चष्मा वर केला, एक बटण बोटात धरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे घासलेलं आहे रे, हातानं घासलेलं. पोरानं रोज घासलंय." मग आतून एक पितळी पट्टी आणली, मधोमध लांब खाच, ती बटणांच्या खाली सरकवायची म्हणजे पॉलिश कापडाला लागत नाही.

मी विचारलं, "काका, काही बटणांच्या कडीत किल्लीच्या रिंगेसारखी बारीक रिंग का असते? शिवलेली का नसतात?"

"धुवायला टाकायचे ना कपडे. धोबी दगडावर आपटणार, बटण चेपणार. म्हणून आधी सगळी काढायची, दोऱ्यात ओवून ठेवायची, इस्त्री होऊन आलं की परत रिंगा घालायच्या." आणि मग म्हणाले, "एक जरी हरवलं की परेडला उभं कसं राहणार?"

खाकी ड्रिलच्या कोटाची बटणं अशीच काढता-घालता येणारी असायची. तेव्हापासून कडीत रिंग अडकलेलं बटण मिळालं की मी ती रिंग काढत नाही, गंजलेली असली तरी.

साफसफाईबद्दल मात्र मनापासून सांगतो. सुरुवातीला मी एक मुलाम्याचं बटण, पाठीवर 'ट्रेबल गिल्ट' लिहिलेलं, देवाची भांडी घासतात तसं चिंच-मीठ लावून घासलं. दोन मिनिटांत लखलखलं, आणि सुकल्यावर बघतो तर सोनं गेलेलं, गुलाबीसर तांबूस पितळ उघडं पडलेलं. दीडशे वर्षं टिकलेला मुलामा माझ्या हातून गेला, अजून ते बटण बघवत नाही. आंबट काहीही लावू नका, ब्रासो नको, मऊ ब्रश आणि डिस्टिल्ड पाणी पुरतं, नंतर पूर्ण कोरडं करायचं. कळकून हिरवं झालं असेल तर ते लाकडी टूथपिकने हलक्या हाताने टोकरायचं, सुईने नाही. आणि ते मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पाऊच असतात ना नाण्यांचे, त्यात वर्षानुवर्षं ठेवू नका, त्यातून आम्ल सुटतं आणि पितळ हिरवं पडतं. पावसाळ्यात माझ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात, जून लागला की बदलतो.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, नेपाळमध्येही १९५६ चा कायदा आहे, तिथेही शंभर वर्षांचीच रेघ आहे आणि पुरातत्त्व विभागाकडून दाखवून घ्यावं लागतं. माझं वसंतपूरचं बटण मशीनवर दाबलेलं, बरंच अलीकडचं आहे, तरी मी दिदींना विचारूनच घेतलं. आणि सध्या सेवेत असलेल्या जवानांचा गणवेश, बिल्ले, बटणं कुणी विकत असेल तर घेऊ नका, ती वापरातली गोष्ट आहे, संग्रहाची नाही.

माझ्या पेटीत आता ८ गोरखाचं ते काळं बटण आणि श्रीपेचचं पितळी बटण शेजारी शेजारी आहेत, मुद्दाम. पाहुणे आले की मी विचारतो यातलं नेपाळचं कुठलं, आणि मग भिंग देतो. १०३ आहे, ११० आहे, ११७ अजून मिळालेलं नाही. कुणाच्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत, आजीच्या शिवणाच्या डब्यात असं काही असेल तर घासू नका, आहे तसं ठेवा, आणि फोटो काढलात तर पाठीचा पण काढा.